हळदीकुंकू लागलेलं टायटल

मी फोन केला होता पुरणयंत्रासाठी.

अल्फारेटाचे एक काका-काकू अमेरिका सोडून कायमचे पुण्याला परत निघाले होते आणि त्यांच्या घरातल्या सामानाची यादी व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आमच्या मॉरिसव्हिलच्या ग्रुपवर येऊन पडली होती. पितळी पुरणयंत्र, दोन कुकर, डायनिंग टेबल, बर्फ उपसायचं फावडं, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: एक गाडी, स्वतः बनवलेली, थोडं काम बाकी. पुरणयंत्र सकाळीच कुणीतरी पटकावलं होतं. लगेच फोन ठेवणं बरं दिसत नाही म्हणून मी विचारलं, "काका, ती गाडी कसली आहे?" काका पाऊण तास बोलले.

ती किट कार होती. म्हणजे खोक्यांतून सुटे भाग मागवायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये आपल्या हातांनी गाडी जुळवायची. काकांच्या गाडीचा खालचा सांगाडा आणि इंजिन एका जुन्या छोट्या जर्मन गाडीचं, वरचं अंग फायबरग्लासचं, आणि रूप जुन्या काळच्या शर्यतीच्या गाडीचं. दोनच सीट, छप्पर नाही, रंग पिकलेल्या मिरचीचा. सारण एका घरचं, पारी दुसऱ्या घरची, असा तो मोदक होता. काका केमिकल इंजिनियर. रिटायर झाल्याच्या आठवड्यातच त्यांनी पहिलं खोकं मागवलं होतं, त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

त्यांनी पाठवलेले फोटो मी नवऱ्याला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, आपल्याला पुरण वाटायचं होतं."

माझा नवरा पुण्याचा. कुठल्याही गोष्टीला आधी तीन शंका काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी नागपूरची, आणि मला कुणी शंका काढली की ती गोष्ट करूनच दाखवायची खुमखुमी येते. आमचा बावीस वर्षांचा संसार याच इंधनावर चालतो. त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. त्याने दुसऱ्या राज्यातली, घरी बनवलेली, नंबर प्लेट नसलेली गाडी आपल्या राज्यात पास करून घेणं किती कटकटीचं आहे, यावर रीतसर भाषण दिलं. त्या शुक्रवारी आम्ही ट्रेलर भाड्याने घेऊन अल्फारेटाला गेलो.

काकांची किमतीबद्दल काही तक्रार नव्हती, अट मात्र एक होती. ती त्यांनी गॅरेजमध्ये, काकू चहा टाकायला आत गेल्यावर, आवाज बारीक करून सांगितली.

"ही आजवर एकदाही या गाडीत बसलेली नाही. चौदा वर्षं मी म्हणतोय, बस. ती म्हणते, नंबर प्लेट लागू दे, मग बसते. तेवढं तू कर. प्लेट लाव आणि आम्ही निघायच्या आत एकदा गाडी इकडे आण. मला तिला एक चक्कर मारून आणायचीय."

त्यांचं विमान आठ आठवड्यांनी होतं. मी म्हटलं, "काका, आठ आठवडे म्हणजे खूप झाले." नवरा माझ्याकडे बघत होता, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही.

इथे गाडीचे कागद दोन प्रकारचे असतात. टायटल म्हणजे मालकीचा कागद, आणि रजिस्ट्रेशन म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची परवानगी, जिच्यासोबत नंबर प्लेट मिळते. काकांनी टायटल कधीच करून घेतलं होतं. रजिस्ट्रेशन मात्र राहिलं होतं, कारण कधी आरसा बसवायचा होता, कधी सीटचं कातडं मनासारखं मिळालं नव्हतं, कधी हॉर्नचा आवाजच त्यांना पसंत नव्हता. माणूस हौशी आहे, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन नोटरीसमोर काकांनी टायटलवर सही केली, गाडी किती मैल चालली तो आकडा लिहिला, आणि आम्ही काकांच्या घरी परत आलो. बघते तर काकू ताट घेऊन ड्राइव्हवेवर उभ्या. ताटात निरांजन, अक्षता, हळदीकुंकू, नारळ. चाकांखाली चार लिंबं मांडून झाली होती. ज्या गाडीकडे त्यांनी चौदा वर्षं ढुंकून बघितलं नव्हतं, तिला त्या आता नीट ओवाळत होत्या. "लेक सासरी जाताना असं रिकामं कसं पाठवायचं?" असं म्हणत त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आत वाकून गाडीचा नंबर कोरलेल्या एका छोट्या धातूच्या पट्टीला कुंकू लावलं, आणि मग माझ्यापुढे हात केला.

"कागद दे."

मी टायटल दिलं. काकूंनी ते पाटावर ठेवलं, अनामिका बुडवली आणि चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. घराच्या कागदांनाही त्यांनी असंच लावलं होतं म्हणे, आणि ग्रीन कार्डालाही लावलं असतं, पण त्या प्लॅस्टिकवर ते टिकेना. मी हात जोडले. नवऱ्यानेही जोडले. तो कागद मी आदल्या रात्रीपासून चार वेळा वाचला होता. खाडाखोड केल्यास हे टायटल रद्द समजावं, अशी एक ओळ तळाशी ठळक छापलेली होती, तीही वाचली होती. पण हळदीकुंकू म्हणजे खाडाखोड, हे आमच्या दोघांच्याच काय, आमच्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं.

"काकू, एकदा बसा ना," मी म्हटलं. "इथेच, ड्राइव्हवेवर."

"नंबर प्लेट लागू दे," काकू म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या.

आमच्याकडच्या गाड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात पहिल्या खेपेला नंबर लागायला दोन तास गेले आणि बोलणं दोन मिनिटांत संपलं. घरी जुळवलेल्या गाडीला आधी इन्स्पेक्टर बघून जातो, मग बाकीचं. इन्स्पेक्टर आठवड्याभराने आमच्या गॅरेजमध्ये आला. सहा फुटी, शांत माणूस. सांगाड्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते त्याने बघितलं, काकांनी जपून ठेवलेल्या पावत्यांची फाइल चाळली, दिवे लावले, हॉर्न वाजवला. मग आत वाकून त्या धातूच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट माझ्यापुढे धरलं.

"हा गंज आहे का?"

"नाही, तो आशीर्वाद आहे," मी म्हटलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. इन्स्पेक्टरने रुमालाने पट्टी पुसली, तिच्यावरचाही नंबर वाचला, सही केली आणि जाता जाता विचारलं की ही विकायची असेल तर त्याला कळवाल का. त्या दिवशी मी नवऱ्यापुढे जरा जास्तच ऐटीत वावरले.

ती ऐट चार दिवस टिकली. दुसऱ्या खेपेला खिडकीपलीकडे एक चष्मेवाली बाई होती. माझे सगळे कागद तिने एकेक करून बघितले, टायटल हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी त्यावर वडापाव खाल्लाय.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद."

"जेवणात घालतात ती?"

"तीच. पण ही जेवणातली नाही."

तिला काही ते पटलं नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यातलं बोट नेमकं मैलांच्या आकड्यावर उमटलं होतं. कुंकू ओलं असताना मी घाईने कागदाची घडी घातली होती, त्यामुळे ते पसरून मधले दोन आकडे पार गिळंकृत झाले होते. बाई म्हणाली, हा कागद बदललेला आहे, चालणार नाही, विकणाऱ्याने त्यांच्या राज्यातून दुसरं टायटल काढून परत सही करून पाठवावं. मी वाद घातला. पूजा म्हणजे काय, शुभ म्हणजे काय, माझ्या लग्नपत्रिकेलाही असंच लावलं होतं, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची लग्नपत्रिका मी घेतली असती, मॅम." मागच्या रांगेतला एक माणूस हसला. मी त्याच्यावरही डोळे वटारले, पण खरं सांगायचं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला होता.

पार्किंगमध्ये बसूनच मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "हिला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल. मी उद्याच जातो काउंटीच्या ऑफिसात आणि दुसरं काढतो."

उद्या आला आणि गेला. परवा त्यांची डेंटिस्टची अपॉइंटमेंट होती. मग सामान न्यायला कुणीतरी येणार होतं. मग ड्रायव्हर्स लायसन्स सापडत नव्हतं. मी रोज ऑफिसच्या दोन मीटिंगच्या मध्ये फोन करायची आणि काका रोज, अगदी गोड आवाजात, नवीन कारण सांगायचे. तीन आठवडे असे गेले. विमानाला जेमतेम तीन आठवडे उरले. काकांनीच घातलेल्या अटीसाठी मी जिवाचं रान करत होते आणि त्यांना तासभर जाऊन रांगेत उभं राहवत नव्हतं. एका दुपारी माझा पारा चढला.

"काका, तुम्हाला काकूंना बसवायचंय की नाही? की गाडी द्यायचीच नाहीये मला? तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी ट्रेलरवर घालून परत आणून देते."

काका म्हणाले, "तसं नाही गं," आणि नंतर बोलू म्हणून फोन आवरता घेतला. वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण असं बोललो, याचं मला फोन ठेवल्याबरोबर वाईट वाटलं, पण उलटा फोन करून माफी मागण्याइतका माझा राग काही उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. त्या कधी स्वतःहून फोन करायच्या नाहीत.

"माझ्या कुंकवामुळे अडलंय ना?"

मी आधी 'नाही, तसं काही नाही' वगैरे पुटपुटले. काकूंनी मला मध्येच थांबवलं. "मला सगळं ऐकू येतं. हे गॅरेजमध्ये जाऊन हळू बोलतात, पण गॅरेजची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. आज मी आमची रोजची गाडी काढते आणि ह्यांना घेऊन जाते. काय काय कागद लागतात ते सांग."

आणि खरंच, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकूंनी काकांना शेजारी बसवलं, ऑफिसात नेलं, रांगेत उभं केलं आणि अर्ज भरून घेतला. पुढच्या आठवड्यात नवीन टायटल पोस्टाने त्यांच्या घरी आलं. त्यावर पुन्हा नोटरीसमोर सही झाली, कुरियरने ते माझ्याकडे आलं. सोबत काकूंची चिठ्ठी होती: मी हात मागे बांधून उभी होते.

तिसऱ्या खेपेला खिडकीत तीच चष्मेवाली बाई होती. तिने कागद उजेडात धरला, पुढून बघितला, मागून बघितला, आणि हुंगला. मग खाली वाकली आणि एक नवी कोरी नंबर प्लेट काचेखालून माझ्याकडे सरकवली. मी तिला थँक यू म्हटलं तर ती म्हणाली, "आता पूजा गाडीची करा." त्या बाईला घरी जेवायला बोलवावं असं मला वाटलं.

काकांचं विमान सोमवारी होतं. आम्ही शनिवारी पहाटे निघालो, मी त्या लाल गाडीत आणि नवरा मागून आमच्या व्हॅनमध्ये, जशी मिरवणुकीमागे ॲम्ब्युलन्स असते तसा. छप्पर नसलेल्या गाडीतून हायवेवर सात तास जाणं ही माणसाने आयुष्यात एकदाच करायची गोष्ट आहे. ओढणी डोक्याला घट्ट बांधली होती तरी केसांचा काथ्या झाला. शेजारून ट्रक गेला की गाडी चळाचळा कापायची आणि मी रामरक्षा म्हणायची. पेट्रोल भरायला थांबलं की पंपावरचे सगळे गोळा व्हायचे. कुणी बनवली म्हणून विचारायचे. मी सांगायची, माझ्या काकांनी. चौथ्या पंपापर्यंत ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

काका ड्राइव्हवेवर उभेच होते. गॅरेज पूर्ण रिकामं झालं होतं. भिंतीवर जिथे हत्यारं टांगलेली असायची तिथे नुसते खिळे राहिले होते. काकांनी गाडीकडे बघायच्या आधी मागे जाऊन प्लेट बघितली, हात लावून बघितली. मी फोनवरच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "छे, छे. बरोबर बोललीस." काकू बाहेर आल्या. पंजाबी ड्रेस, पायात स्नीकर्स, डोक्याला स्कार्फ. दार उघडून सरळ आत बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

ते गेले. पंधरा मिनिटांत येतो म्हणाले होते. अर्धा तास झाला, तास झाला. नवरा म्हणाला, "ब्रेकडाऊन झाली असेल." मी म्हटलं, "अशुभ बोलू नकोस." पण व्हॅनची किल्ली मी हातातच धरून बसले होते. दीड तासाने गाडी आली. काकूंचा स्कार्फ गळ्यात आला होता आणि पांढरे केस चारी दिशांना उडाले होते. काका उतरले, डोळे पुसत म्हणाले की वारा फार होता, आणि तोंड धुवायला आत गेले.

काकू उतरल्या नाहीत. सीटच्या कातड्यावरून हात फिरवत बसल्या. मी जवळ जाऊन विचारलं, "कसं वाटलं?"

"मला पहिल्या वर्षापासून बसायचं होतं गं," त्या म्हणाल्या.

"मग बसला का नाहीत?"

"मी बसले असते तर ह्यांच्या लेखी गाडी पुरी झाली असती. मग हे रोज सकाळी उठून कुठे गेले असते? रिटायर झाल्यावर पहिले चार दिवस हे नुसते खिडकीपाशी उभे होते. मी बघितलंय ते. मग म्हटलं, प्लेट लागल्याशिवाय मी बसत नाही. हेही समजले असतील. आम्ही कधी बोललो नाही त्यावर." त्यांनी आत, घराकडे बघितलं. "त्या ऑफिसात ह्यांना न्यायला मला किती जड गेलं, काय सांगू. पण आता निघायचंच आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. गॅरेज कुठलं तिथे."

मी या माणसाला फोनवर ओरडले होते, की तुम्हाला गाडी द्यायचीच नाहीये का. नव्हतीच द्यायची त्यांना. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि मी तीन आठवडे त्यांच्या मागे लागले होते.

काका बाहेर आले. चेहरा धुतलेला, शर्टावर पाणी सांडलेलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "घे. आता हिच्यात काही बाकी नाही."

"काका," मी म्हटलं, "डावीकडचा वायपर मध्येच अडकतो."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. दिवसभर पावसाचा थेंब नव्हता, वायपर लावला कुणी होता. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने शंका काढली नाही.

काका थांबले. "अडकतो? कुठे, वर जाताना की खाली येताना?"

"ते मला नीट कळलं नाही. तुम्ही तिथून फोनवर सांगाल का, काय करायचं ते? व्हिडिओ कॉलवर दाखवते."

"आधी त्याची मोटर उघडावी लागेल," काका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कशावर लिहावं म्हणून इकडे तिकडे बघायला लागले. काकू खाली मान घालून स्कार्फची घडी घालत होत्या.

आता दर रविवारी सकाळी नऊला फोन येतो. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. काका चष्मा लावून, वही घेऊन बसलेले असतात आणि मागे काकूंच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. मी गॅरेजमध्ये फोन टेकवून ठेवते आणि ते सांगतील तो स्क्रू फिरवते, मग परत होता तसा लावते. वायपर पहिल्या दिवसापासून उत्तम चालतो. गेल्या रविवारी मी त्यांना सांगितलं की वायपर एकदाचा सुटला, पण उजवा हेडलाइट मधूनच मिणमिणतो.